अडीच तासांची मुंबई

मित्रांनो, सोलापुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात आढ्याच्या कडीला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक विटकी झोळी टांगलेली आहे, ती मी. जन्माने मात्र मी झोळी नाही. ही माझी म्हातारपणची नोकरी. उमेदीच्या काळात मी वाऱ्याची पिशवी होते. विमान जिथे उतरते त्या मैदानावर उंच खांबाला एक लांबट, दोन्ही तोंडांनी उघडी कापडी पिशवी बांधतात. वारा तिच्यात शिरला की ती फुगून आडवी होते. तिच्याकडे पाहून वरच्या वैमानिकाला कळते, की वारा कुठून कुठे चालला आहे आणि आपण कोणत्या अंगाने उतरावे. दिसायला अगदी साधे काम, पण त्याच्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात. शहाणी माणसे वारा पाहून पाठ फिरवतात म्हणे. मी जन्मभर उलटेच केले. जिकडून वारा, तिकडे तोंड.

माझे कापड इथल्याच मागावरचे. सुंदरम्मा नावाच्या बाईने कांड्या भरल्या आणि तिच्या नवऱ्याने विणले. दोघे तेलुगूत भांडत भांडत विणत होते, म्हणून माझा पोत जरा राठ आणि स्वभाव जरा तिखट झाला असावा. तिथून मी नव्या पेठेत श्रीमंत शिंप्याकडे आले. नाव श्रीमंत, पण मशीन ठेवायला दुसऱ्याच्या दुकानाची पायरी. मला शिवून घ्यायला नारायण नावाचा एक तरतरीत कारकून आला होता. एक तोंड परातीएवढे, दुसरे तांब्याएवढे, आणि लांबी दोन माणसे उभी राहतील इतकी, असे त्याने हात पसरून सांगितले.

श्रीमंताने कापड मांडीवर घेतले आणि विचारले, "काय वो नारायणराव, ही बाही कुठल्या राक्षसाच्या सदऱ्याची म्हणायची? आणि दुसरी कधी शिवायची?"

"एकच शिवा," नारायण म्हणाला. "वाऱ्याला एकच हात असतो."

श्रीमंत त्यावर इतका हसला की माझी एक शिवण वाकडी गेली. मी खांबावर होते तोवर ती वाकडीच राहिली.

हे तेहतीस-चौतीस सालचे. मुंबईच्या एका छोट्या कंपनीने शहराबाहेरचा एक माळ घेतला होता. दर गुरुवारी मुंबईहून एक लहानसे विमान दुपारी इथे यायचे, टपालाच्या पिशव्या आणि कधी एखादा उतारू घेऊन परत जायचे. नारायण त्या माळाचा कारभारी. त्याने माळाच्या तोंडाशी एक पाटी रंगवून घेतली होती: मुंबई, हवेतून सव्वादोनशे मैल, अडीच तास. पाटी दोनदा रंगवली, कारण पहिल्यांदा "अडीच तास" ही अक्षरे त्याला बारीक वाटली. आगगाडीने मुंबईला जायला दिवस नाहीतर रात्र मोडायची, आणि इथे अडीच तास! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो पाटी वाचून दाखवायचा. ज्यांना वाचता यायचे त्यांनाही.

माळाची राखण करायला बिरप्पा धनगर होता. हा माळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच मेंढरांच्या चरणीचा. कंपनीने त्यालाच राखणदार नेमले आणि त्याचीच मेंढरे हाकलायचे काम त्याला दिले. माळाच्या कडेला त्याची खोपी. बायको मायाक्का, दहा-बारा शेळ्या आणि एक भुंकून भुंकून घसा बसलेले कुत्रे, एवढा त्याचा संसार. रोज सकाळी बिरप्पा दोरी ओढून मला खांबावर चढवी आणि दिवस कलला की उतरवी. नारायणाने त्याला माझ्याबद्दल एवढेच सांगितले होते, "सकाळी चढव, संध्याकाळी उतरव, आणि हात पुसून धर." बिरप्पा हात पुसून धरी. देवाला धरावे तसे धरी.

मैल ही गोष्ट बिरप्पाला पटत नसे. त्याच्या घराण्यात अंतर मुक्कामांत मोजत. टेंभुर्णी म्हणजे मेंढरांसंगे पाच-सहा मुक्काम. एकदा त्याने नारायणाला विचारले, "तुमच्या इमानाला मुंबई किती मुक्काम पडती?"

"एकही नाही. मधे थांबायचंच नाही."

"पानी प्यायला बी न्हाय?"

"नाही."

बिरप्पाने थोडा विचार केला. "मग ते जाणं कसलं वो? ते फेकणं झालं की."

नारायणाने ही गोष्ट थट्टा म्हणून गावभर सांगितली. मला मात्र ती थट्टा वाटली नाही. पण मला कोण विचारतो.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. गुरुवारी माळावर जत्रा भरायची. माणसे आधी मला पाहत, मग आभाळाकडे. माझ्या पट्ट्या कुंकवासारख्या लाल, म्हणून बायका मला 'वाराबाई' म्हणू लागल्या. दुधनीकडची चंद्रव्वा नावाची एक बाई आली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला होता आणि त्याची वर्षभर खबर नव्हती. एका संध्याकाळी बिरप्पाने मला खाली घेतले तेव्हा तिने कानडीत काहीतरी पुटपुटत माझ्या शेपटाला एक दोरा बांधला. पुढल्याच आठवड्यात नवरा दारात हजर. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरे काय! पण बायकांना तेवढे पुरे होते. ज्यांची माणसे मुंबईला, त्या येऊन दोरा बांधू लागल्या. दोऱ्यांनी माझे काही अडत नव्हते. उलट खोटे कशाला बोलू, मला बरे वाटत होते. देव व्हायला कुणाला आवडत नाही?

नारायण ते दोरे पाहून हसायचा. "बांधा, बांधा. मुंबई आणखी जवळ येईल." तो सगळ्यांना मैल सांगत होता, वेग सांगत होता, तास सांगत होता. मी कशासाठी आहे, हे मात्र त्याने कधीच कुणाला सांगितले नाही. वाऱ्याने निशाण हलते हे बिरप्पाला ठाऊक होते. वरचा माणूस ते निशाण वाचतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

आता ज्यांच्यासाठी ही सगळी गोष्ट सांगते आहे, त्यांच्याकडे येते. वेणीमाधव गुरुजी शाळेत गणित शिकवत. नारायण त्यांचाच विद्यार्थी. गुरुजींची बायको बाळंतपणात गेली आणि तान्ही मुलगी मागे राहिली, तिचे नाव प्रभा. त्या वेळी या मायाक्काने रोज सकाळी शेळीचे दूध त्यांच्या दारात नेऊन दिले आणि स्वतःच्या हाताने कापसाच्या बोळ्याने पोरीला पाजले. प्रभा त्या दुधावर वाढली. मायाक्काला स्वतःचे मूल नव्हते. ती प्रभाला मुलगी म्हणायची नाही, तेवढे धाडस तिला नव्हते. "माज्या शेरडाच्या दुधाची पोर" म्हणायची.

प्रभा मोठी झाली, लग्न होऊन मुंबईला गिरगावात गेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात गुरुजी दिवाळीला आणि संक्रांतीला आगगाडीने जाऊन आले. जाताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी, आणि मायाक्काने दिलेली खरवसाची वडी. मग हा माळ झाला. गुरुजींनी फळ्यावर गणित घातले: सव्वादोनशे मैल अंतर, ताशी नव्वद मैल वेग, तर किती तास? सगळा वर्ग ओरडला, अडीच! गुरुजींचा चेहरा असा फुलला, की जणू मुंबई त्यांनीच ओढून जवळ आणली. दर गुरुवारी ते माळावर येत. माझ्या खांबाला टेकून विमान उतरताना आणि चढताना पाहत आणि मायाक्काला म्हणत, "आता प्रभा काही लांब नाही, मायाक्का. मनात आलं की अडीच तासांत तिच्या दारात."

मनात तर रोज येत होते. गेले मात्र एकदाही नाहीत. त्या वर्षी दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला याचे फार नवल वाटते, मित्रांनो. मुंबई लांब होती तेव्हा गुरुजी सुट्टी मोजून, गाठोडे बांधून निघत होते. ती जवळ आली आणि त्यांचे जाणे उद्यावर पडू लागले. जवळचेच आहे म्हटले की माणूस थांबतो.

फाल्गुनात प्रभाला दिवस गेल्याचे, आणि चौथा महिना सरल्याचे कळले. मायाक्का आनंदाने वेडी झाली. "पोरीला म्हायेराला आना, गुर्जी. पयलं बाळतपण हितंच व्हायला पायजे."

"घरात बाईमाणूस कुठे आहे? तिथे मोठमोठे दवाखाने आहेत."

"म्या बाईमाणूस न्हवं व्हय?"

गुरुजी गडबडले. "तसं नाही गं. पण मुंबई काय, आता अडीच तास. लागलं तर जाता येईल."

मायाक्का शेळ्या हाकत खोपीकडे गेली.

आषाढ लागला. सोलापूरच्या माळावर आषाढात वाऱ्याला मोकळे रान असते. मावळतीकडून उठतो आणि दिवसभर एकसारखा वाहतो. त्या गुरुवारी सकाळीच गुरुजींना तार आली. प्रभा अडली आहे, महिने भरायच्या आतच दुखू लागले आहे, प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा. गुरुजींनी पिशवी भरली आणि घराबाहेर पडले. स्टेशनवरून दुपारी एक गाडी होती. ती त्याच रात्री मुंबईला पोचवत होती. गल्लीच्या टोकाशी एक रस्ता स्टेशनकडे जातो आणि एक माळाकडे. गुरुजी माळाकडे वळले.

"नारायण, आज जागा आहे?"

तार वाचून नारायणाचा चेहरा उतरला, पण लगेच त्याने छाती काढली. "गुरुजी, टपाल आज राहू दे. तुम्ही बसा. दिवे लागायच्या आत तुम्ही गिरगावात."

मायाक्का ऐकत होती. ती धावत खोपीत गेली आणि एक गाठोडे घेऊन आली. त्यात नारळ होता, मूठभर जोंधळे होते आणि तिच्या लग्नात मिळालेला खण होता. तो खण तिने कधी शिवला नव्हता. पेटीच्या तळाशी ठेवून दिला होता.

"जरा हिला खाली घ्या," तिने नवऱ्याला सांगितले. "वाराबाईची वटी भरती."

"आगं, इमान यायची येळ झाली."

"म्हणून तर."

बिरप्पाने दोरी सोडली आणि मी खाली आले. मायाक्काने मला हळद-कुंकू लावले. खणात नारळ आणि जोंधळे बांधून ते गाठोडे माझ्या पोटात सरकवले, आणि ते घसरून पडू नये म्हणून माझ्या कमरेला लोकरीच्या दोरीने गच्च आवळले. गाठीवर गाठ मारली. मग माझ्यावर कपाळ टेकून म्हणाली, "बाई, दोन जिवाची हाय पोर. बापाला तिच्यापत्तोर न्हे. लई येळ करू नगंस."

नारायण तेव्हा माळाच्या कडेच्या छपरीत टपालाच्या पिशव्या बाजूला करत होता. गुरुजी जवळच उभे होते. मैल आणि तास शिकवणारा हा माणूस, त्यानेही मला हात जोडले.

बिरप्पाने मला वर चढवले आणि मी लोंबू लागले. नाकापेक्षा मोती जड झाला होता. वारा माझ्या तोंडात घुसत होता, कमरेशी अडत होता आणि मागे फिरत होता. मी सगळा जोर लावला. कापडाला जोर तो किती? वारा कुठून आहे, हे खाली सगळ्यांना कळत होते. माळाच्या कडेला मेंढरे वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. मायाक्काचा पदर पूर्वेकडे उडत होता. गुरुजींची टोपी दोनदा उडाली आणि दोनदा बिरप्पाने धावत जाऊन आणली. आदल्या दिवशी शिंतोडे पडून गेल्यामुळे माळावरची धूळ मात्र बसलेली होती. वरून येणाऱ्याला वारा सांगणारे एवढ्या माळावर एकच तोंड होते आणि ते मायेने बांधलेले होते.

लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली.

"गुर्जी, गाडी गेली," बिरप्पा म्हणाला.

"जाऊ दे. कुर्डुवाडी यायच्या आत तिला मागं टाकतो," गुरुजी म्हणाले. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यात काळजी होती, पण काळजीच्या मागे आणखी काहीतरी चमकत होते. ते काय होते हे मला पुढे कळले.

विमान त्या दिवशी नेहमीपेक्षा बरेच लवकर आले. नारायण आनंदाने ओरडला, "बघा गुरुजी, आज अडीच तासही लागले नाहीत!" त्याला लवकर कुणी आणले, हे कुणाच्या मनात आले नाही. ज्या वाऱ्याने त्याला मागून ढकलत आणले होते, तोच आता त्याला धडपणे उतरू देणार नव्हता. वैमानिकाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी लोंबत होते. वारा नाही, असे त्याने वाचले आणि मावळतीकडून तसाच सरळ खाली आला. उतरायला हवे होते वाऱ्याच्या समोरून, आणि तो उतरला वाऱ्याला पाठीशी घेऊन. चाके माळाच्या मध्यावर टेकली. विमान थांबेना. बिरप्पाचे कुत्रे भुंकत मागे धावले. माळाच्या पूर्वेला एक ओघळ आहे. विमान नाकाने त्यात गेले आणि त्याचे शेपूट वर उभे राहिले.

वैमानिक जिवंत होता, हात मोडला होता. दुसऱ्या हाताने तो हात धरून माझ्या खांबाखाली आला आणि वर बोट दाखवून नारायणावर इंग्रजीत ओरडला. नारायणाने तेव्हा कुठे मान वर केली. त्याने माझी आवळलेली कंबर पाहिली, लोकरीची दोरी पाहिली आणि मग मायाक्काकडे पाहिले. तिला काहीच कळले नव्हते. ती विमानाकडेच पाहत होती.

"वाऱ्यानं गुंडाळली गेली, साहेब," नारायण म्हणाला.

खोटे होते ते. पण त्याने ते वाऱ्यावर ढकलले, आणि वारा काही कुणावर फिर्याद करत नाही. फुशारकीबद्दल मी नारायणाला पुष्कळ नावे ठेवली आहेत. या एका खोट्याबद्दल मात्र ठेवणार नाही.

गुरुजी पिशवी हातात धरून ओघळीच्या काठावर कितीतरी वेळ उभे होते. मग स्टेशनकडे चालू लागले. त्यांना रात्रीची गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरगावात पोचले. प्रभा पहाटे गेली होती. रात्री उशिरापर्यंत ती शुद्धीवर होती आणि जिन्यात पाऊल वाजले की दाराकडे पाहत होती, असे तिथल्या बायकांनी सांगितले. दुपारच्या गाडीने आलेला माणूस त्या वेळी तिच्या उशाशी बसलेला असता. बाळ वाचले होते. मुलगी होती.

इकडे माळावर नारायणाने बिरप्पाला आणि मायाक्काला खांबाखाली बसवले आणि मी कशासाठी आहे, ते पहिल्यांदा नीट समजावून सांगितले. त्याने त्यांना दोष दिला नाही. बिरप्पाने मला खाली घेतले आणि मायाक्काने ऐकता ऐकता गाठी सोडून ओटीचे गाठोडे बाहेर काढले. बिरप्पा एवढेच म्हणाला, "हे आदीच सांगायचं व्हतंसा की, नारायणराव."

नारायण उठला आणि माळाच्या तोंडाशी जाऊन आपली पाटी उपटू लागला. दोनदा रंगवलेली पाटी. बिरप्पाने एका टोकाला हात लावला आणि दोघांनी मिळून ती काढली.

प्रभाचे दिवस झाल्यावर गुरुजी परत आले आणि एके दिवशी माळावर आले. मायाक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो खण होता, नारळ तसाच आत.

"गुर्जी, म्या बांदली ही. माज्या हातानं. तुमच्या पोरीसाटी म्हणून बांदली आन् तुमची वाट म्याच अडवली. मला काय बी बोला. जोड्यानं मारा."

गुरुजींनी तिच्या हातातला खण पाहिला. मग मला पाहिले. मग तिथेच माळावर बसले, धोतराची पर्वा न करता.

"तुझ्या ओटीनं विमान पडलं असेल, मायाक्का. पण गाडी कुणी पाडली नव्हती. ती स्टेशनात उभी होती. तार हातात होती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. नारायणनं मला बोलावलं नव्हतं. माझा मीच आलो. सगळ्यांना सांगितलं, लवकर पोचायचं म्हणून. तुला खरं सांगतो. मला एकदा विमानात बसायचं होतं. पोरगी तिकडे तडफडत होती, आणि मला वरून सोलापूर बघायचं होतं."

आणि ते रडले. मोठ्या माणसाला असे रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दुपारी काय चमकत होते, ते मला आता कळले.

मायाक्का त्यांच्या शेजारी खाली बसली. बरेच अंतर ठेवून, पण बसली. मग तिने विचारले, "बाळ कुटं हाय?"

"इथे आणलंय. शेजारच्या काकूंकडे ठेवलंय. सारखी रडते. गाईचं दूध पचत नाही तिला."

मायाक्का उठली. तिने पदराने डोळे पुसले, खोपीतून दुधाची चरवी घेतली आणि शेळ्यांमध्ये जाऊन बसली.

पुढे कंपनीने या माळाचा नाद सोडला. मोडके विमान बैलगाड्यांवर घालून नेले. नारायण शहरात दुसऱ्या कचेरीत लागला. तो अंतराच्या गोष्टी पुन्हा कधी सांगत नाही म्हणतात. मी मात्र खांबावरच राहिले. संध्याकाळी उतरवायला कुणी येईना. उन्हाने माझा रंग उडाला, वाऱ्याने शेपटाच्या चिंध्या झाल्या, आणि चंद्रव्वाचा दोरासुद्धा कुजून गळून पडला. मेंढरे परत माळावर चरू लागली. खालून जाताना मायाक्का वर पाहत नसे. मीही तिच्याकडे पाहायचे टाळी. पण खांबावर टांगलेल्याला मान कुठे वळवता येते? वारा वळवील तिकडे पाहावे लागते.

एक दिवस मात्र ती आली आणि तिने स्वतः दोरी सोडली. मला ओढ्यावर नेऊन धुतले, चिंध्या कापून टाकल्या, श्रीमंताने घातलेली शिवण उसवून मला सपाट केले आणि खांद्यावर टाकून गुरुजींच्या घरी आणले. "कापड लई दमाचं हाय," ती एवढेच म्हणाली. गुरुजींनी आढ्याच्या कडीला दोर बांधला. पोरीचे नाव शकुंतला ठेवले होते. तिला माझ्यात घातले तेव्हा माझे अंग पुन्हा खाली ओढले गेले. ओटीनंतर पहिल्यांदाच माझ्या पोटात वजन आले. मी त्या वजनाला घाबरले होते. पण पोरीने एक जांभई दिली आणि झोपली.

मित्रांनो, माझे आता फार मागणे नाही. ज्याच्या हाती एखादी वस्तू सांभाळायला द्याल, त्याला ती कशासाठी आहे तेही सांगा. नुसते हात पुसून धर म्हणू नका. मायाक्काने मला जिवापाड जपले, तेवढे कुणी जपले नसेल, आणि त्या जपण्यानेच माझे तोंड बंद झाले. दुसरे, तुमचे कुणी लांब असेल तर त्याला जवळ समजू नका. आणि जवळ असेल तर उद्यावर टाकू नका.

शकुंतला आता पाच वर्षांची आहे. झोळीत बसायचे तिचे वय गेले, तरी दूध प्यायला ती माझ्यातच येऊन बसते, पाय बाहेर सोडून. मायाक्का रागावते आणि चरवी पुढे करते. काल कुठूनसे एक विमान फार उंचावरून गेले. घरघर ऐकून पोर खिडकीशी धावली आणि तिथून तिने विचारले, "आजोबा, माझी आई होती ती मुंबई किती लांब आहे?"

गुरुजी पाटीवर मुलांचे गणित तपासत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पहिली गाडी मिळेल तिनं निघावं, बाळा. इतकी लांब."